मी असतो तर असं नसतं केलं

गेल्या शनिवारी एका अनोळखी म्हाताऱ्याने माझ्या हातातलं बेअरिंग काढून घेतलं, नाकाशी धरून हुंगलं आणि मला परत न देता माझ्या वडिलांच्या हातात ठेवलं. आज गुरुवार. नखांतलं ग्रीस अजून निघालेलं नाही आणि डोक्यातला म्हाताराही.

आधीचं पटकन सांगून टाकतो, कारण त्यात चूक माझी आहे. आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत. आईचे गुडघे, बाबांचं पथ्य आणि हॉटेलातल्या मऊ गाद्यांबद्दलची दोघांची मतं लक्षात घेऊन मागच्या वर्षी एक जुना कॅम्पिंग ट्रेलर घेऊन ठेवला. एकवीस फुटी, दोन आसांचा, चार चाकांचा. विकणारा गृहस्थ म्हणाला होता, "बेअरिंगची काळजी नको, भरपूर ग्रीस मारलंय." 'भरपूर' या शब्दावर मी तेव्हाच थांबायला हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी यूएस ३३ने हॉकिंग हिल्सकडे निघालो. लँकेस्टर मागे पडल्यावर ब्रेक दाबला की ट्रेलर मागून ढकलू लागला, लोकलच्या दारात उभं राहिल्यावर मागचा माणूस ढकलतो तसा. कॅम्पग्राउंडवर पोचून चारही चाकांचे हब, म्हणजे मधले गाभे, चाचपले. तीन कोमट. चौथ्यावर पापड भाजला असता.

नवे ब्रेक आणि नवी बेअरिंगं तीन महिन्यांपासून ट्रेलरच्या बाकाखाली खोक्यांत पडून होती. गॅरेजवाल्याने तासाला पावणेदोनशे डॉलर आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख सांगितल्यावर मी बाणेदारपणे मागवलेली. बायको काही बोलली नाही. तिने नुसता बाक उचलून दाखवला.

हॉकिंग हिल्समध्ये 'ओल्ड मॅन्स केव्ह' नावाची प्रसिद्ध घळ आहे. दोनशे वर्षांपूर्वी रिचर्ड रो नावाचा एक बैरागी माणूस तिथे एकटा राहायचा, त्याच्यावरून हे नाव पडलं. आम्ही ती बघायला गेलो होतो. ती काही बघून झाली नाही. म्हातारा मात्र आपल्या पायांनी चालत आमच्याकडे आला.

सकाळी नऊला मी जॅक काढला आणि समोरच्या ट्रेलरमधून ते निघाले. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्यात कॉफीचा थर्मास, मागे मांजराएवढं कुत्रं. माझ्यापासून बरोबर सहा फुटांवर त्यांनी खुर्ची उघडली, पाय जमिनीत नीट रुतले का बघितलं आणि बसले. नाटकाला लवकर आलेल्या माणसाने बसावं तसे.

"मॉर्निंग, यंग मॅन." मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. "टायर का?"

"नाही, बेअरिंगं. आणि ब्रेक."

"हं."

मी जॅक आसाखाली सरकवला. दोनदा दांडा मारला. तोच मागून शांत आवाज आला, "मी असतो तर असं नसतं केलं."

मी थांबलो. बरोबर होतं. आसाला जॅक लावू नये, फ्रेमला लावावा, हे मी वाचलेलं होतं. "फ्रेमखाली घेऊ का?" मी विचारलं.

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. वर झाडांकडे पाहिलं. "ट्रेलर तुझा आहे."

मी जॅक फ्रेमखाली घेतला. "हं," ते म्हणाले. हा 'हं' पहिल्या 'हं'पेक्षा बरा की वाईट, हे कळायला काही मार्ग नव्हता. चाकाचे नट सोडवायला घेतले. "मी असतो तर असं नसतं केलं." मी पाना उलटा धरला. पुन्हा तेच. पाना खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. ते कुत्र्याचा कान खाजवत होते.

मी चिंचवडला वाढलो. आमच्या कॉलनीत कुणाची स्कूटर सुरू झाली नाही, तर मिनिटाच्या आत चार माणसं गोळा व्हायची. एक म्हणायचा प्लग काढ, दुसरा म्हणायचा चोक दे, तिसरा स्कूटर आडवी करायला लावायचा आणि चौथा ती आडवी असताना "पेट्रोल आहे का रे?" असं विचारायचा. चौघांचंही चुकलेलं असायचं. पण चुकीचा का होईना, सल्ला मिळायचा. त्यावर भांडता यायचं, तो ऐकल्याचं नाटक करता यायचं, शेवटी स्कूटर ढकलायला त्यांचेच हात कामी यायचे. या माणसाकडे सल्ला नव्हता, नुसती नापसंती होती. नापसंती घेऊन माणूस करणार काय? ती कुठल्या बोल्टला लावायची?

एव्हाना बाबा चहाचा कप घेऊन ट्रेलरच्या पायरीवर येऊन बसले होते. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, उठले, आपल्या ट्रेलरकडे गेले आणि दुसरी खुर्ची घेऊन आले. ती आपल्या शेजारी मांडून तिच्यावर हाताने थोपटलं. बाबा जाऊन बसले. प्रेक्षागृह भरलं.

"हे ब्रेक चालतात कशावर?" बाबांनी विचारलं. हा चार तासांतला एकच प्रश्न, ज्याचं उत्तर मला येत होतं, म्हणून मी ते जरा रंगवूनच दिलं. ड्रमच्या आत बिस्किटाएवढा विद्युतचुंबक असतो. गाडीचा ब्रेक दाबला की डॅशखालचा कंट्रोलर निळ्या वायरीतून करंट सोडतो. चुंबक जागा होतो आणि फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट बाजूला चिकटतो. ड्रम त्याला आपल्याबरोबर फरफटत न्यायला बघतो. त्या ओढीने चुंबकाची दांडी वळते आणि दोन्ही शू, म्हणजे ब्रेकच्या कमानदार पट्ट्या, फाकवून ड्रमवर दाबते. एकेक चुंबक तीनेक अँपिअर खातो. ट्रेलर आपल्याच चालीने आपल्याला थांबवतो, असा सगळा प्रकार.

बाबांनी विचार केला. "आणि लाइट गेली तर?"

मी म्हटलं, त्याचीही सोय आहे. ट्रेलर गाडीपासून सुटलाच, तर एक तार ताणली जाऊन पिन निघते आणि ट्रेलरवरची बॅटरी आपोआप ब्रेक लावते.

"म्हणजे लोडशेडिंगचा विचार केलाय," बाबा समाधानाने म्हणाले. त्यांनी हे आजोबांना खुणांनी समजावलं असावं, कारण आजोबाही म्हणाले, "हं."

पहिला ड्रम ओढून काढला आणि 'भरपूर' या शब्दाचा अर्थ कळला. या धुरीच्या टोकाला ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, असतो. गन लावून चाक हळूहळू फिरवत ग्रीस भरायचं, म्हणजे जुनं ग्रीस पुढून बाहेर येतं. त्या सद्गृहस्थाने चाक न फिरवता दणादण पंप मारले होते. ग्रीसने मागचं सील उचकटलं होतं आणि ते ब्रेकमध्ये शिरलं होतं. शूवरचे ड्रमला घासणारे लायनर, स्प्रिंगा, चुंबक, सगळं पुरणपोळीवर तूप सोडावं तसं निथळत होतं. ब्रेक कसला लागतोय! लायनरने एकदा ग्रीस प्यायलं की त्याला कशानेही धुवा, तो टाकूनच द्यायचा. तीन चाकांत हीच तऱ्हा. चौथ्याचा निपल मात्र बुजलेला होता, त्यामुळे त्या चाकाला निर्जळी उपास घडला होता. तिघांना पंगत आणि एकाला एकादशी.

त्या चौथ्या चाकातून मी बेअरिंग बाहेर काढलं आणि मघाशी सांगितलेला प्रकार घडला. आजोबा उठले (ते उठले, हीच बातमी), त्यांनी ते माझ्या बोटांतून काढून घेतलं, हुंगलं, "जळलंय," म्हणाले आणि बाबांना दिलं.

बाबांनी खिशातून रुमाल काढला. बेअरिंग रुमालात घेतलं, उघड्या बोटांनी धरलं नाही. पुसलं. कानापाशी नेऊन फिरवलं. उन्हात तिरपं धरलं. मग माझे वडील, जे गेल्या चार महिन्यांत गोऱ्या माणसांशी 'थँक्यू' आणि 'नो शुगर' एवढंच बोलले होते, ते खुर्चीत पुढे सरकले आणि बोलायला लागले.

"सी. ब्लू कलर. रोलर ब्लू. टू मच हीट. ग्रीस, नो."

"नो ग्रीस," आजोबा म्हणाले.

"धिस टेपर. व्हाय टेपर? टू लोड." बाबांनी तळहात वरून खाली दाबला. "डाउन लोड." मग कोपराने आजोबांच्या खुर्चीला एक ढुशी दिली. "साइड लोड. टर्निंग टाइम. टेपर टेक्स बोथ."

आजोबांची कॉफी थोडी सांडली, पण चेहरा उजळला. सरळ रोलरला नुसतं वजन पेलतं. गाडी वळताना चाक आडवं रेटतं, तो रेटा निमुळता रोलर घेतो. हे मला त्या क्षणी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, जॅकशेजारी उकिडवं बसून, दुसऱ्याला सांगितलं जात असताना कळलं.

मग आजोबांनी 'टिमकेन' हा शब्द उच्चारला. ते कँटनचे, इथून दोन तासांवरच्या गावचे. टिमकेनचं गाव ते. बाबा अर्धे उठलेच. "कँटन, ओहायो!" असं ते म्हणाले, आपल्याकडे कुणी पंढरपूर म्हणतं तसं. आणि सांगू लागले: हेन्री टिमकेन सेंट लुईसला घोडागाड्या बनवायचा, वळणावर चाकं त्रास देतात म्हणून त्याने हे निमुळतं बेअरिंग काढलं, पेटंट १८९८चं. आजोबा कँटनचे असून त्यांना हे वर्ष ठाऊक नव्हतं. मी ओहायोत अकरा वर्षं राहतोय. फोनवर दर रविवारी बोलतो. 'तिकडे थंडी किती' याच्यापलीकडे ओहायोबद्दल बाबांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

बाबा चिंचवडच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी विभागात होते. लहानपणी आमच्याकडे खेळायला गोट्या नव्हत्या, छर्रे होते. कारखान्यातले रिजेक्ट छर्रे, आरशासारखे चकचकीत. त्यात काय खोट होती ते आम्हाला कधी सापडलं नाही. जुन्या बेअरिंगांची गाडी करून कॉलनीच्या उतारावरून सोडायचो, तेव्हा खडखडाटाने दुपारी झोपलेला अख्खा मजला उठायचा. एवढी बेअरिंगं घरात होती, पण बाबांना विचारलं, "तुम्ही कंपनीत नक्की करता काय?" तर ते म्हणायचे, "तपासतो." संपलं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'नोकरी' लिहायचो. आणि इथे एका कुत्रेवाल्या माणसाला मोडक्या इंग्रजीत टेपर, केज, कप, कोन, सगळं पाऊण तास!

मला राग आला होता, हे इथे मान्य करतो. तेव्हा मी तो बोल्टांवर काढला.

बाबांनी बेअरिंगं आपल्याकडे घेतली. न विचारता. आठ होती, चाकामागे दोन. कोन, म्हणजे रोलरांसकटचा आतला भाग, नवा घालायचा, तर कप, म्हणजे तो ज्यात फिरतो ते बाहेरचं कडं, तेही नवंच हवं, जुन्या कपात नवा कोन म्हणजे जुन्या भांड्यात नवं दूध, असं ते म्हणाले आणि जुने कप ठोकून काढायचं काम मला दिलं. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबू लागले. दाबायचं, जरा फिरवायचं, पुन्हा दाबायचं. थोड्या वेळाने वरच्या बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीसची बारीक वळी निघायला लागली, सोऱ्यातून शेव पडावी तशी. दोन्ही म्हातारे डोकं जवळ घेऊन बघत होते. आईने दारातून डोकावून विचारलं, "तळणार कधी?"

तिने थालीपिठं केली होती. आजोबांनी तीन खाल्ली. एका थालीपिठावरही ते म्हणाले नाहीत की मी असतो तर असं नसतं केलं.

इकडे मी ब्रेक बसवत होतो. पूर्ण ब्रेक जोडलेलाच येतो, मागच्या पत्र्यासकट. चार नट काढायचे, दोन वायरी तोडायच्या, नवा लावायचा, वायरी जोडायच्या. डावे आणि उजवे मात्र वेगळे असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'ड्रायव्हर साइड'. आता माणूस अमेरिकेत कितीही वर्षं गाडी चालवो, पोटात भूक, पाठीत कळ आणि मागे दोन प्रेक्षक असले की त्याच्या आतला चिंचवडचा ड्रायव्हर जागा होतो. तो ड्रायव्हर उजवीकडे बसतो. मी दोन्ही 'ड्रायव्हर साइड' ब्रेक उजवीकडे बसवले. नट आवळले. वायरी दाबून पक्क्या केल्या. हात पुसले.

"मी असतो तर असं नसतं केलं," आजोबा म्हणाले.

मी तोवर हे सतरा वेळा ऐकलं होतं. पाना फेकला नाही, पण ठेवलाही नाही, त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी केलं. आणि विचारलं, "मग तुम्ही कसं केलं असतं? सांगा ना! सकाळपासून बसलायत. तुमच्या ट्रेलरचे तुम्ही कसे बदलता?"

त्यांना आश्चर्य वाटलं. खरंच वाटलं, त्यांचा चेहरा अगदी निरागस होता.

"मी? मी बदलतच नाही. माझ्याकडे माणूस येतो."

त्यांनी आयुष्यभर गालिचे विकले होते. हब उघडलेला त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ते सकाळपासून एकच गोष्ट सांगत होते आणि ती शब्दशः खरी होती: ते असते, तर त्यांनी हे केलंच नसतं. जॅक, पाना, ग्रीस, काहीच नाही. टीका मी आपल्याच मनाने तिच्यात भरली होती. यावर हसायला हवं, हे मला कळत होतं. पण मी सकाळी त्यांच्या शब्दावर जॅक हलवला होता, पाना उलटा धरला होता. एका गालिचेवाल्याच्या 'हं'चे अर्थ लावत अर्धा दिवस घालवला होता.

"ते राहू दे," बाबा म्हणाले. "पण तो आखूड लायनरचा शू मागे आलाय. तू जुना काढलास तेव्हा पुढे होता."

मी पाहिलं. पुढेच असतो तो. चुंबकाची दांडीही तोंड फिरवून बसली होती.

"बाबा! मी दोन्ही लावून झालो! आधी का नाही सांगितलंत?"

बाबा ग्रीसने माखलेल्या तळहाताकडे बघत होते. "तू त्यांना विचारत होतास ना," ते म्हणाले.

याला उत्तर नाही. मी दोन्ही ब्रेक सोडवले. अलीकडचे पलीकडे, पलीकडचे अलीकडे. सहा वाजले. बायको मुलीला घेऊन एव्हाना घळ बघून आली होती. चांगली आहे म्हणे.

शेवटचा नट आवळताना भांडण झालं, पण ते त्या दोघांत. मी वाचलेलं म्हणून दाखवलं: ड्रम फिरवत पन्नास फूट-पाउंडांपर्यंत आवळा, मग पूर्ण सैल करा, मग नुसत्या बोटांनी आवळा आणि पिन घाला. आजोबा तिला कॉटर पिन म्हणत होते, बाबा स्प्लिट पिन. दोघांनी दोन बाजूंनी तीच पिन धरून एकमेकांना तिचं नाव शिकवलं. बोटांनी आवळणं आजोबांना पटेना, चाक निघून जाईल म्हणाले. बाबांनी त्यांचा हात धरून चाकावर ठेवला आणि चाक आत-बाहेर हलवलं. "लिटल प्ले. मस्ट. नो प्ले, फायर." आजोबांनी हलवून पाहिलं. बराच वेळ हलवलं. मग मला हाक मारली, "यंग मॅन, इकडे ये. हात लावून बघ. हा प्ले जाणवतो का?" आणि माझ्या वडिलांचं काम ते मला शिकवू लागले.

मी हात लावला. केसभर सरकत होतं. जाणवलं.

पिन ओढून बॅटरीवर ब्रेक लावून पाहिले. फिरतं चाक जागच्या जागी थांबलं. बाबा म्हणाले, "लोडशेडिंग पास."

रविवारी परत निघालो. चाक काढून बसवलं की त्याचे नट दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांवर पुन्हा आवळून बघायचे असतात. तीनही वेळा बाबा उतरले. ठरलेला जोर लागला की वाजणाऱ्या टॉर्क रेंचचा 'टिक' त्यांना आवडला, म्हणून ज्या चाकांचे नट आधीच बघून झाले होते, तेही पुन्हा बघितले. मी चारही हब चाचपले. चारही कोमट. जळकं बेअरिंग बाबांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. त्याच्यावरचा नंबर, एल ४४६४९, त्यांनी वाटेत दोनदा म्हणून दाखवला. कुणी विचारलं नव्हतं.

हे लिहितोय तेव्हा बाबा आतल्या खोलीत व्हिडिओ कॉलवर आहेत. मधूनच "माय सन" असं ऐकू आलं, मग दोघांचं हसणं, मग कुत्र्याचं भुंकणं. आत्ता बाहेर आले आणि म्हणाले, "अरे, पुढच्या शनिवारी कँटनला जायचंय. त्यांचा तो माणूस आता काम करत नाही. मी म्हटलं, आम्ही बघू."

"आम्ही म्हणजे?"

"बेअरिंगं मी बघीन. तू चाकं काढ. जॅक आपला घे, त्यांच्याकडे नाहीये."

खुर्च्या त्यांच्याकडे आहेत. दोन.